मधाच्या खोलीतला बर्फ

आमच्या वर्धा जिल्ह्यात एका डब्यात पंखा आणि पाण्याची टाकी दिसली, की माणूस त्याला कूलर म्हणून मोकळा होतो. त्यात त्याचा काही दोष नाही. मार्च सरत आला की इथं घराघरांत एकच धावपळ असते. कूलर माळ्यावरून काढा, गंज खरवडा, गवत बदला, पंप चालतो का बघा, खिडकीत बसवा. पोरांना पाढे नंतर येतात, कूलरमध्ये पाणी कसं टाकायचं ते आधी येतं. मी स्वतः याच कूलरांवर, फ्रीजवर आणि पुढं एसीवर संसार केला. दुकान वर्ध्याला, घर पवनारला. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा दुकान बंद केलं, पण जुन्या गिऱ्हाइकांचे फोन काही बंद झाले नाहीत, आणि ते बंद व्हावेत असं मलाही कधी वाटलं नाही.

या अंकाचे संपादक म्हणाले, धंद्यातल्या गमती लिहा. गमती रगड आहेत. एक आजीबाई रोज रात्री फ्रीज बंद करून झोपायच्या. का, तर दिवसभर राबतो बिचारा, रात्री तरी त्याला आराम नको का! दूध नासलं की मात्र बोलणी मला. एक गृहस्थ मे महिन्यात पायमोजे फ्रीजमध्ये ठेवायचे आणि वास येतो म्हणून तक्रार करायचे. पण मला लिहायचंय ते एका वेगळ्याच यंत्राबद्दल, जे आमच्या भागात कुणाला नीट ठाऊकच नाही.

त्याचं नाव डिह्युमिडिफायर. नाव उच्चारताना जीभ अडखळते, म्हणून मी त्याला ओल काढायची मशीन म्हणतो. खोलीच्या हवेतला ओलावा ओढून घ्यायचा आणि त्याचं पाणी करून खालच्या टाकीत साठवायचं, एवढंच त्याचं काम. हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते सावंगीला. तिथल्या मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई समुद्राकाठच्या गावाहून आल्या होत्या, त्यांनी सवयीनं सोबत आणलं होतं. ‘मशीन चालतच नाही’ म्हणून मला बोलावलं. पाहतो तर टाकी काठोकाठ. टाकी भरली की हे यंत्र आपोआप थांबतं, तसं थांबलेलं. बाई म्हणाल्या, अहो, मी तर ती कालच रिकामी केली! तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी आतून आल्या आणि मोठ्या अभिमानानं म्हणाल्या, “मीच त टाकतो रोज सकाळी पाणी. कोरडी चालली त मोटर जळन ना!” मला हसू आवरेना. बाईंना मात्र बराच वेळ कळेना की यात हसण्यासारखं काय आहे.

पुढं त्या बाई गावी परत गेल्या आणि जाताना यंत्र मला देऊन गेल्या. आमच्याकडे ते पडून राहिलं. कुणाला हवंय इथं? मग एक दिवस अशी मशीन मिळेल का विचारत शेवंताबाई आली आणि ते मागून घेऊन गेली. मी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होतो. बायकोनं ते झाडूनपुसून तिच्या हाती दिलं. कसं वापरायचं हे सांगायला मी नव्हतो, आणि सगळं महाभारत तिथूनच घडलं.

शेवंताबाई कुमरे हिंगणीच्या पुढं, बोरच्या जंगलाला लागून असलेल्या एका छोट्या गावात राहते. तिच्या घरचा कूलर मी पूर्वी दुरुस्त करून खिडकीत बसवून दिला होता, तेवढी आमची ओळख. नवरा जंगल खात्यात रोजंदारीवर, दिवसभर बाहेर. गावातली गोंडांची सात-आठ घरं आग्या माश्यांची पोळी काढतात. हा मध वर्षानुवर्षं एकच व्यापारी नेत आला. तो म्हणेल तो भाव, आणि दर वेळी त्याचं एकच म्हणणं, मध पातळ आहे. म्हणणं खोटंही नव्हतं. पावसाळ्यानंतर काढलेल्या मधात पाणी जास्त असतं, आणि पाणी जास्त असलं की मध काही दिवसांत फसफसतो, आंबतो. शेवंताबाई कुठल्याशा प्रशिक्षणाला गेली तेव्हा तिनं पाहिलं की बंद खोलीत मध पसरट भांड्यांत ठेवून, शेजारी अशी मशीन लावून त्यातलं पाणी कमी करता येतं. तिथूनच ती पाणी मोजायची एक नळीही घेऊन आली. काचेवर मधाचा थेंब ठेवायचा आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत शंभर भागांत पाणी किती त्याचे आकडे दिसतात आणि त्यांवर एक रेघ. नागपूरच्या एका दुकानदारानं तिला शब्द दिला होता, रेघ वीसच्या खाली असेल तर सगळा मध मी घेतो, वर असेल तर एकही डबा नेणार नाही.

तिनं घरोघर फिरून सगळ्यांना राजी केलं. या खेपेला मध व्यापाऱ्याला देऊ नका, माझ्याकडे ठेवा. लोकांनी ठेवला. मागच्या हिवाळ्यात, थंडी चांगली पडली असताना, तिचा फोन आला.

“जय सेवा भाऊ. शेवंता बोलून राह्यली.”

“जयभीम ताई. बोला.”

“तुमच्या मशीनले बर्फ धरून राह्यला. पाणी थेंबभर पडत नाई. अन् सोमवारी नागपूरवाला येऊन राह्यला. एका परातीले काठानं फेस दिसते, भाऊ.”

‘तुमच्या मशीनले’ हे शब्द मला बरोबर जाऊन लागले. माझ्या घरातून गेलेलं यंत्र, आणि त्याच्यावर या बाईनं आख्ख्या गावाला शब्द दिलेला. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटर काढली. बायको म्हणाली, गुडघ्याचं काय? म्हटलं, गुडघा स्कूटरवर बसूनच राहणार आहे.

सेलू सोडलं आणि हवा बोचायला लागली. हिंगणीच्या पुढं तर शेतांवर दव असं पडलेलं की तुरीच्या शेंगांवरून पाणी टपटप गळत होतं. पोचलो तेव्हा शेवंताबाईच्या अंगणात एक माणूस हातात पोळं कापायची सुरी घेऊन उभा होता आणि ती दार अडवून उभी होती.

“काय झालं?” मी विचारलं.

“हे माहे दीर, डोमाजी,” ती म्हणाली. “सुरीनं बर्फ तोडतो म्हणतेत. मी म्हटलं, भाऊ येऊन राह्यले, हात लावू नका.”

“अन् नाई लावला तं मध काय आपोआप आटन?” डोमाजी म्हणाला. “वयनी, माहा मध मले वापस देऊन दे. व्यापारी आजबी नेते. कमी देईन, पण नेते त खरा.”

मी आधी ती सुरी मागून घेतली आणि ओसरीवर ठेवली. या एका बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. बर्फ धरलेल्या नळ्यांना कुणी टोकदार वस्तू लावली की माझं डोकं फिरतं. त्या नळ्या कागदासारख्या पातळ असतात. त्यात गॅस असतो. एक छिद्र पडलं की फस्स आवाज येतो आणि यंत्र संपलं. माझ्या आयुष्यात जेवढे फ्रीज आपल्या मौतीनं मेले, त्याहून जास्त सुरी-चमच्यानं मारले गेले. बर्फ तोडायचा नसतो, त्याला वितळू द्यायचं असतं.

आत गेलो. खोली छान, स्वच्छ सारवलेली. लाकडी मांडणीवर स्टीलच्या पसरट पराती, त्यांवर मलमलची फडकी. वास असा की मला क्षणभर मी कशाला आलो तेच आठवेना. आणि खिडकीत ते यंत्र. पुढची जाळी काढली, तर नळ्यांवर चांगला जाड, पांढराशुभ्र थर.

इथं थोडं शास्त्र सांगतो, फार नाही. ही मशीन म्हणजे दार उघडं ठेवलेला फ्रीजच. एका बाजूला थंड नळ्या, त्यांच्या मागं गरम नळ्या, आणि एक पंखा. हवा थंड नळ्यांवरून जाते, तिच्यातला ओलावा थेंब होऊन टाकीत पडतो. उन्हाळ्यात पाण्याच्या गार तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच. मग ती हवा गरम नळ्यांवरून कोरडी होऊन बाहेर येते. पण आत येणारी हवाच फार थंड असली, किंवा पुरेशी येत नसली, तर नळ्यांवरचा थेंब पडायच्या आधीच गोठतो. बर्फ झाला की हवेची वाट अडते. वाट अडली की आणखी बर्फ. असं ते स्वतःच्याच गळ्यात फास आवळत जातं.

आता हा बर्फ कशामुळे, हे बर्फालाच विचारायचं असतं. एकाच कोपऱ्यात जमला असेल आणि बाकीच्या नळ्या उघड्या असतील, तर गॅस कमी झालाय समजावं. तसं असतं तर मी काही करू शकलो नसतो. सोमवारच्या आत गॅस भरून, गळती शोधून यंत्र परत आणणं शक्यच नव्हतं. म्हणून मी बॅटरी लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत गेलो. माझा जीव खरंच टांगणीला लागला होता. बर्फ सगळीकडे सारखा होता. म्हणजे गॅस शाबूत. पंखाही फिरत होता. हवेची गाळणी थोडी धुळकट होती, ती शेवंताबाईनं धुऊन आणली.

“ताई, तुमची मशीन ठणठणीत आहे,” मी म्हणालो.

“मंग बर्फ काऊन धरून राह्यली?”

मी मागं पाहिलं आणि मला एकदम हसावं की रडावं कळेना. यंत्र खिडकीत असं बसवलेलं, की पाठ बाहेर, तोंड आत. अगदी कूलर बसवावा तसं. खिडकीची झडप सताड उघडी. समोरच्या भिंतीतला झरोकाही उघडा.

“ही खिडकी कोणी उघडी ठेवायला सांगितली?”

शेवंताबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच तिची थट्टा करतोय. “तुमीच त सांगतलं होतं! कूलर लावला तवा. पाठ बाहेर ठेवजो, समोरून हवा निघाले वाट ठेवजो, नाईतं घरात चिकचिक होईन. चिकचिक नाई पाह्यजे म्हणूनच त मशीन आणली ना, भाऊ?”

जन्मभर हजारदा सांगितलेलं वाक्य माझ्याच पुढ्यात वाढलं गेलं होतं, आणि कूलरच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. कूलर हवेत पाणी सोडतो, म्हणून त्याला हवेची वाट उघडी लागते. ही मशीन पाणी ओढते, म्हणून तिला बंद दार लागतं. उघड्या खिडकीतून ती बोरच्या आख्ख्या जंगलाची ओल काढायला निघाली होती, तीही कडाक्याच्या थंडीत.

“अन् चालवता कधी?”

“रात्रभर. दव रातीच पडते ना.”

हेही तिच्या हिशेबानं बरोबरच होतं. पण असं घरगुती यंत्र रात्रीच्या थंडीसाठी बनलेलंच नसतं. ते चालवायचं दुपारी, खोलीत ऊब असताना. बंद खोलीत ते स्वतःचीही थोडी ऊब सोडतं, आणि कोमट मध पाणी लवकर सोडतो. मी हे सगळं समजावलं. शेवंताबाई मान डोलवत होती. डोमाजी दारात हाताची घडी घालून उभा होता.

यंत्र खोलीच्या मधोमध, भिंतीपासून दूर ठेवलं. नुसता पंखा चालू केला आणि बर्फ वितळायची वाट पाहत ओसरीवर बसलो. माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम हेच. गिऱ्हाइकाला वाटतं, मिस्त्री नुसता बसलाय. शेवंताबाईनं चहा आणला. डोमाजीनं तो घेतला नाही.

“वयनी, मी सांगतो ते ऐक,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, आणि त्यामुळेच ते ऐकवत नव्हतं. “झाडावर मी चढतो. माश्या मले चावते. तू म्हटलं थांब, मी थांबलो. पण तो मध आंबला तं लोक मले विचारन, तुह्या घरच्या बाईनं आमचा मध घालवला. मंग पुढच्या साली तुह्या दारात कोण येईन?”

शेवंताबाईनं माझा रिकामा कप उचलला. मग म्हणाली, “कोणीच नाई येईन. मले माईत हाय.”

एवढंच. पदरानं कप पुसत ती आत निघून गेली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. फ्रीज बिघडला तर घरचं दूध नासतं, फार तर आइस्क्रीम. इथं एका बाईचा शब्द परातीत पडला होता आणि त्याला काठानं फेस आला होता.

मी डोमाजीकडे वळलो. “माश्या मधातलं पाणी कसं काढतात हो?”

तो माझ्याकडे संशयानं पाहायला लागला. “पंखानं वारा घालते. सारा दिवस घालते.”

“आणि मध झाला की?”

“झाला का मेणानं घराचं तोंड बंद...” बोलता बोलता तो थांबला. आतल्या खोलीकडे पाहिलं. वरती पाहिलं. छपराच्या कवेलूंच्या फटींतून उजेडाच्या तिरिपी खाली पडत होत्या. “खिडकी लावून काय फायदा बापा? हे वरचं कोण लावन?”

आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मी खिडकी पाहिली, झरोका पाहिला, पण आढ्याकडे पाहिलंच नाही. आमच्या धंद्यात मान नेहमी खाली, यंत्रात. त्याच्या धंद्यात ती नेहमी वर, झाडात.

डोमाजी घरी गेला आणि ताडपत्री, दोर आणि मेणाचा एक मोठा गोळा घेऊन आला. भिंतीला पाय लावून तो आढ्यावर असा चढला की मला बसल्या जागी घाम फुटला. त्याआधी पराती आम्ही पाटांनी झाकल्या. वाशांच्या खालून त्यानं ताडपत्री ताणून बांधली. खिडकीच्या झडपांमधल्या फटी, झरोक्याच्या कडा त्यानं मेण मऊ करून बोटानं लिंपल्या. दाराला खाली गोधडीची गुंडाळी. तोवर बर्फ वितळून टाकीत उतरला होता. दुपारी मी यंत्र चालू केलं, दार ओढून घेतलं, आणि तिघंही बाहेर उभे राहिलो. थोड्या वेळानं दार किंचित उघडून मी बॅटरी मारली. नळ्या ओल्या होत्या, चमकत होत्या, आणि टाकीत थेंब पडत होते. टप, टप.

“चालू झाली ना?” शेवंताबाईनं विचारलं.

“झाली. आता फेस आलेली परात बाजूला काढा, ती या मधात मिसळू नका. बाकी मध दिवसातून दोन-चार वेळा लाकडी पळीनं हळूच खालीवर करा. वरचा थरच वाळतो, खालचा तसाच राहतो.”

फेस आलेली परात कुणाची होती ते मी विचारलं नाही. पण शेवंताबाईनं ती उचलली तेव्हा डोमाजी म्हणाला, “राहू दे, माहीच हाय.” आणि स्वतःच बाहेर नेऊन ठेवली.

त्यानंतर रोज संध्याकाळी तिचा फोन. आज टाकी पाऊण झाली. आज अर्धीच झाली, काही बिघडलं का? मी म्हणायचो, ताई, हवेत पाणी कमी झालं की टाकीतही कमीच येणार, हे बऱ्याचं लक्षण आहे. ‘रेघ किती?’ विचारलं की ती सांगायची नाही. म्हणायची, सोमवारीच पाहू, मले आता पाह्याची भीती वाटते.

सोमवारी मी न बोलावता गेलो. घरी कारण सांगितलं यंत्राचं. खरं कारण म्हणजे मला राहवत नव्हतं. अंगणात सात-आठ घरचे लोक गोळा झाले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. नागपूरचा दुकानदार तरुण, कमी बोलणारा. त्यानं पहिल्या डब्यातला थेंब काचेवर घेतला, नळी उन्हाकडे धरली. मग दुसऱ्या डब्यातला. मग तिसऱ्या. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसेना. शेवटच्या डब्याला त्यानं नळी पुसली, थेंब ठेवला आणि ती शेवंताबाईच्या हातात दिली.

तिनं डोळा लावला. नळी दोन्ही हातांनी धरली. “वीसच्या खाली हाय,” ती म्हणाली. दुकानदारानं बाकीच्या डब्यांकडे बोट करून मान डोलावली, तेही खालीच. मग ती जरा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “साऱ्याच डब्यांची खाली हाय!”

अंगणात एकदम गलका सुरू झाला. दुकानदारानं डबे ठेवायला गाडीचं दार उघडलं, आणि सहज विचारलं, बाटलीवर चिठ्ठी लावायची आहे, मध कोणाचा म्हणून लिहू?

या गावच्या मधावर आजवर व्यापाऱ्याच्या नावाशिवाय दुसरं कुठलंच नाव लागलं नव्हतं, त्यामुळे हा प्रश्नच कुणाला कधी पडला नव्हता. शेवंताबाई म्हणाली, “गावाचं नाव लिहा.”

“गावाचं लिहा,” डोमाजी म्हणाला, “अन् त्याच्याखाली हिचं लिहा. शेवंता कुमरे. काढला आमी साऱ्यांनी, टिकवला हिनं.”

कुणी नाही म्हटलं नाही. एक म्हातारी तर पुढं होऊन दुकानदाराला म्हणाली, “नीट लिहजो बापा, पुसलं नाई पाह्यजे.”

शेवंताबाई इतक्या दिवसांत माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती. आताही तिनं तोंड फिरवलं आणि डब्याला हात घालत दिरावर खेकसली, “उभे काय राह्यले भाऊजी? त्या बाजूनं धरा ना, मले एकटीले उचलते का हा!”

डोमाजीनं दुसऱ्या बाजूनं धरला. दोघांनी मिळून डबा गाडीत ठेवला.